सहाव्या निशाणापासून सातव्यापर्यंत

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून उभी होतीस, नंतर सुजला तर नाही ना? शेकत जा असं लिहिणार होतो, पण तुझ्यापुढे वैद्यकी करण्याची माझी छाती नाही. आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी काल दुपारपासून सुन्न आहे. आज दुकानात एका गिऱ्हाइकाला नवा चष्मा म्हणून माझ्याच नाकावरचा काढून दिला. (त्याला तो छान लागला ही गोष्ट वेगळी.)

तू निकाल समितीची अध्यक्ष, तेव्हा नकाशा बघत जंगलातली निशाणं शोधत धावायच्या राष्ट्रीय ओरिएंटिअरिंग स्पर्धेचं सुवर्णपदक (साठीवरचे पुरुष, पहिला क्रमांक) तूच माझ्या गळ्यात घातलंस, आणि घालताना कानात विचारलंस, ‘खरं का रे हे?’ मला तेव्हा राग आला होता. सख्ख्या बहिणीने असं विचारावं? आता वाटतं, माझी खरी पारख तुलाच आहे. कारण शंका मलाही आली होती. सहाव्या निशाणानंतर मी नकाशा उलटा धरला (हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही) आणि थेट ओढ्याकाठच्या दलदलीत शिरलो. डावा बूट रुतला. तो उपसण्यात वीसेक मिनिटं गेली. मग तिथल्याच एका आडव्या ओंडक्यावर बसून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला, कारण घाई करण्यात काही अर्थ उरला नव्हता. इतकं होऊनही पहिला आलो म्हटल्यावर मी एवढंच समजलो, की उरलेल्या तेरा जणांची अवस्था याहून बिकट झाली असणार. गळ्यात पडलेल्या पदकाची कोण उलटतपासणी घेतो, सांग बरं!

काल दुपारी आमच्या क्लबने सत्कार ठेवला होता. लाँड्रीवरची आमची खोली तू पाहिली आहेसच. खाली इस्त्र्या सुरू असल्या की वर फरशी तापते, त्यामुळे प्रत्येक जण पाय बदलत उभा असतो. भिंतीवर नारिंगी-पांढऱ्या पताका, टेबलावर केक आणि मधोमध सांघिक ढाल. चौदा वर्षांत पहिल्यांदा मिळालेली, तीही दोन गुणांच्या फरकाने, आणि ती केवळ माझ्या पहिल्या नंबरामुळे, असं आमचे अध्यक्ष तीन वेळा म्हणाले. (ते दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याने तोंड उघडावं पण बोलू नये, अशीच त्यांना सवय.) मग क्लबची पद्धत आली. विजेत्याने भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर लाल पेनने आपली वाट काढून दाखवायची, कुठे वळलो, का वळलो हे सांगत. शेजारी त्याच्या चिपेचा कागद डकवतात. प्रत्येक निशाणापाशी बोटातली चिप पेटीत घातली की वेळ नोंदली जाते, आणि शेवटी सगळ्या वेळा हातभर लांब कागदावर छापून येतात. (हे मी निकाल समितीच्या अध्यक्षांना शिकवतो आहे. माझी मनःस्थिती लक्षात घे.)

सहाव्या निशाणापर्यंत मी ऐटीत गेलो. मग कागदाकडे नजर गेली. सहा ते सात, चार मिनिटं. चार! आक्का, चार मिनिटांत माझा मोजासुद्धा चिखलातून वर आला नव्हता. पेन हवेतच राहिलं. तेवढ्यात मागून तुझ्या भावजयीचा आवाज आला, भाजी निवडता निवडता बोलते ना, अगदी तसा. ‘पडकी भिंत उजवीकडे ठेवून ओढ्यापर्यंत, मग ओंडक्यावरून पलीकडे.’ (मी बसलो होतो तोच ओंडका. तो पूल होता.) मी मुकाट्याने रेघ ओढली. पुढे टेकडी चढायची नाही, कडेकडेने जायचं, हेही तिनेच सांगितलं. शेवटच्या निशाणापर्यंत ती सांगत गेली आणि मी गिरवत गेलो. खोलीत टाळ्यांचा कडकडाट! अध्यक्षांचे तर डोळे भरून आले. जंगलातलं पाऊल न् पाऊल घरी येऊन बायकोला सांगणारा नवरा त्यांनी म्हणे जन्मात पाहिला नव्हता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साठीवरचे पुरुष आणि पन्नाशीवरच्या बायका एकाच मार्गावर धावतात. ऐन वेळी आमच्या संघात एक बाई कमी पडली म्हणून हिचं नाव मीच घातलं होतं. ही आजवर क्लबात फक्त नकाशे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची. (‘चालत चालत ये, हरवलीस तर शिट्टी वाजव,’ असं मी बजावलंही होतं.) निघायच्या गडबडीत आमच्या चिपांची अदलाबदल झाली असणार. म्हणजे पहिला नंबर हिचा, आणि बायकांत शेवटून पहिला आला तो मी! आणि परतताना बसमध्ये नकाशा कसा धरावा हे मी हिला तासभर समजावत होतो, आणि ही ‘हो का?’ म्हणत खिडकीबाहेर बघत होती. अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे आमचा. माझी कात्री, किल्ल्या, पासबुक कुठे आहे हे हिला बसल्या जागी ठाऊक असतं, पण त्याचा जंगलाशी काही संबंध असेल हे माझ्या कधी मनात आलं नाही. मला लाज वाटते आहे आणि, खरं लिहितो, अभिमानही वाटतो आहे. घरी आल्यावर विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, ‘तुमच्याबरोबरच, कागद पाहिला तेव्हा.’ आणि चहा टाकायला गेली.

गुडघ्याला जप.

तुझा हादरलेला
धाकटा

ता. क. पदक सोबत पाठवतो आहे. दुसऱ्याच्या चिपेवर धावलं की दोघंही बाद, हा नियम मला माहीत आहे. ढालही जाईल. अध्यक्षांना मी स्वतः सांगेन, फक्त त्यांच्या हातात दात उपटायची पकड नसेल अशी वेळ बघून.

आणखी एक. आम्हाला खुशाल बाद कर. पण निकालपत्रकात, अगदी तळाशी बारीक अक्षरात का होईना, हिची वेळ हिच्या नावापुढे लिही. यात हिचा काही दोष नाही.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली उरलेल्या जागेत चार ओळी लिहिते. चिपांची अदलाबदल झाली नाही, मी केली. हे अकरा वर्षं शेवटचे येतात आणि मग आठ-आठ दिवस घरात अबोला धरतात. म्हटलं, माझ्या चालीने निदान दहावा-बारावा नंबर मिळेल, घर हसतंखेळतं राहील. पहिला येईल हे मला तरी कुठे ठाऊक होतं? एक निशाण सापडलं की पाय थांबायलाच तयार होईनात. चूक माझी आहे, मला जरूर बाद करा, पण एकाच वर्षापुरतं. पुढच्या वर्षी मला माझीच चिप घालून धावायचंय. तेव्हा स्पर्धा झाली की आठ दिवस तुम्ही इकडे राहायला या आणि यांची समजूत काढा. मला त्या आठ दिवसांत पोटभर आनंद करायचाय.