टाचणीचा पूर्ण पत्ता

९ जून

प्रिय चिंगी,

तुला पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असल्यासारखा वागतो. तू वेळेवर जेवतेस का, हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारून झालं.

फोनवर तू "हं" आणि "बरं" यांच्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्रात निदान माझं बोलणं पूर्ण होतं.

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मशीन खिडकीपाशी हलवलं आहे. दुपारभर माझ्या डोक्यावर टकटक चालते. तुझी आत्या येऊन गेली. "पोरगी कॉलेज सोडून कुरिअरच्या गोदामात पत्ते टाइप करते आणि तू कुंड्यांना पाणी घालत बसतेस," म्हणाली. मी म्हटलं, "कुंड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही, पण आत्यासमोर गप्प बसायची मला सवय नाही.

तुझी खोली झाडली. संगणकावर चादर घातली होती ती काढून तो पुसला आणि पुन्हा चादर घातली. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत याच खुर्चीवर बसवून तू मला त्या ज्ञानकोशावर खातं उघडून दिलं होतंस. "आई, इथे कुणालाच पगार नाही. एक जण येऊन लिहितो, दुसरा येऊन त्याच्या चुका काढतो." मी म्हटलं, म्हणजे आपल्या घरासारखंच. तू किती हसली होतीस. प्रत्येक वाक्याला पुरावा टाचलेला हवा म्हणून तू तिथे 'टाचणी' हे नाव घेतलंस. खरं नाव तिथे कुणी कुणाला सांगत नाही, हेही तेव्हाच समजावलं होतंस. मी आपली फुलझाडांच्या पानांवरची वेडीवाकडी वाक्यं सरळ करत बसायची आणि तू त्या रंगाच्या कारखान्याच्या पानावर. टाकी साफ करायला उतरलेली तीन माणसं आत गुदमरून गेली, ही एवढी एक ओळ. कारखान्याची माणसं ती पुसायची, तू बातमीचं कात्रण लावून परत लिहायचीस. सतरा वेळा, असं तूच मोजून सांगितलं होतंस.

मग टाचणी म्हणजे तू, हे कुणीतरी उघड केलं. कारखान्याचे मालक तुमच्या कॉलेजच्या मंडळावर निघाले. तुझी हजेरी कमी होती, तेवढं निमित्त त्यांना पुरलं. तुझ्यासारख्याच हजेरीच्या मुलींना अर्ज घेऊन परीक्षेला बसवलं, तुला नाही. झालं ते झालं. उगाळत नाही.

फक्त एक सांगते. ढापणीवरचा राग सोड. दोन वर्षं एका खोलीत राहिलात, एकमेकींचे टॉवेल वापरलेत. तिनं तुझं नाव सांगितलं असेलही, पण मुद्दाम नसेल. माणसाच्या हातून होतं असं. मन मोठं कर, बाळा. मनात अढी ठेवून जगणं फार जड असतं.

जपून राहा. उत्तर आलं तर बरं वाटेल.

तुझी
आई

*

२६ जून

प्रिय चिंगी,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच ओळी. "ढापणीची बाजू घेणार असशील तर यापुढे तुझं पत्र उघडणार नाही. टाचणी कोण हे जगात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक तू आहेस."

दुसरी ओळ मी पुष्कळदा वाचली.

हे पत्र उघडलं असशील तर पुढे वाच. ढापणी घरी आली होती. गेल्या मंगळवारी, दुपारी. मी दार उघडलं तर समोर तुझा टेबल-लॅम्प आणि त्याच्या मागे ती. एका हातात लॅम्प, काखेत तुझा रेनकोट, पाठीवर पिशवीत तुझी कात्रणांची फाइल. दोन बस बदलून आली होती. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली आहे.

"काकू, हे तिचं राहिलं होतं," म्हणाली. "बल्ब माझा आहे, पण असू दे."

मी आत बोलावलं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, मुलाखतीला आल्यासारखी. तिच्याकडे पाहून मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. चहात साखर कमी आहे म्हणाली आणि उठून स्वतःच घेऊन आली, पूर्वीसारखी.

मग बोलायला लागली. तू मेसमध्ये सगळ्यांसमोर तिला बोललीस त्या दिवसापासून तिच्या टेबलावर कुणी बसलं नाही. "काकू, तुमची लेक मला ढापणी म्हणायची त्याचं काही नाही. मी आहेच. पण आता सगळ्या मला बातमीदार म्हणतात. मी आत गेले की बोलणं थांबतं. बाथरूममध्येसुद्धा." शेवटचे दोन पेपर राहिले असताना ती वसतिगृह सोडून मावशीकडे गेली. पेपर दिलेच नाहीत. वर्ष गेलं. आता पुन्हा अर्ज केला, तर रेक्टरबाई म्हणतात, तुझ्याबरोबर खोलीत राहायला कुणी तयार नाही, मी कुणावर जबरदस्ती करू? दहा जुलैला खोल्यांची यादी लागते. यादीत नाव नसलं तर तिच्या घरचे तिला बाहेर खोली घेऊन राहू देणार नाहीत. शिक्षण तिथंच संपलं.

हे सगळं तिनं मला दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं. जाताना दारात थांबली. म्हणाली, "मी नाही सांगितलं, काकू. मी रोज आठवून पाहते, झोपेत तरी कुणाला बोलले का म्हणून. तुम्ही तरी विश्वास ठेवा."

मी काय म्हणाले ते आज लिहीत नाही. लॅम्प तुझ्या टेबलावर ठेवला आहे.

तब्येत सांभाळ.

आई

*

३ जुलै

प्रिय चिंगी,

आज कुशल विचारत नाही, तूही विचारू नकोस. खाडाखोड खूप दिसेल. आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी असलं पत्र वर्गात सगळ्यांसमोर परत दिलं असतं. पण पुन्हा उतरवून काढायला बसले तर मी यातली वाक्यं बदलीन, म्हणून आहे तसंच पाठवते.

ढापणीनं सांगितलं नाही. मी सांगितलं.

ज्ञानकोशावर कुणी केव्हा काय बदललं याची यादी असते, तारीख आणि वेळेसकट. ती कशी पाहायची हे तूच मला दाखवलं होतंस. तू वसतिगृहात गेलीस की मी रोज सकाळी चहा घेताना टाचणीची यादी उघडायची. त्यात हेरगिरी नव्हती. तू जागी आहेस, बरी आहेस, एवढं कळायचं. नवी ओळ दिसली की मी निर्धास्त कामाला लागायची. फोनपेक्षा ते बरं होतं, तुला त्रास नाही आणि मला दिलासा.

फेब्रुवारीत तुझं प्रॅक्टिकल होतं. सकाळी दहा ते एक. दुपारी सहज यादी उघडली तर अकरा वीस, अकरा चौतीस, बारा पाच. त्या तीन तासांत नऊ बदल. तुला फोन केला, तू म्हणालीस, "मस्त गेलं प्रॅक्टिकल." मग मी मागची पानं पाहिली. सोमवार, बुधवार, तासांच्या वेळा. तुझं वेळापत्रक माझ्या कपाटाच्या दाराला चिकटवलेलं आहे. ते समोर ठेवून मी एकेक वेळ ताडून पाहिली. तू वर्गात जातच नव्हतीस, चिंगे. नव्या संपादकांना शिकवत होतीस, लोकांची भांडणं सोडवत होतीस, आणि त्या तीन माणसांची ओळ राखत बसली होतीस.

मला तेव्हाच गाडी पकडून तुझ्याकडे यायला हवं होतं. पण तू मला खोटं सांगितलंस याचाच मला इतका धक्का बसला, की तुझ्यासमोर यायची भीती वाटली. तुला ज्यांचं ऐकून घ्यावंसं वाटतं त्यांनी सांगावं, असं ठरवलं. तुमच्यात ते वयस्कर संपादक आहेत ना, सगळे ज्यांना आजोबा म्हणतात. तू त्यांचं किती कौतुक करायचीस. त्यांच्या पानावर 'संदेश लिहा' असं दिसलं. मला वाटलं तो संदेश त्यांनाच जाईल, पाकिटातल्या पत्रासारखा. तिथलं सगळं चव्हाट्यावर असतं हे मला ठाऊक होतं आणि तरीही त्या क्षणी सुचलं नाही. आपण पत्र लिहितोय एवढंच मनात होतं.

"आदरणीय आजोबा, टाचणी ही माझी मुलगी." अशी सुरुवात केली. पुढे तुझं पूर्ण नाव, कॉलेजचं नाव, दुसरं वर्ष, वसतिगृह, खोली क्रमांक एकोणीस. पत्ता पूर्ण असावा ही शाळेतली शिस्त. ती अभ्यास सोडून दिवसभर इथेच असते, हजेरी बुडते आहे, तिला चार शब्द समजावून सांगा, असंही लिहिलं. त्या लोकांना नाव मिळालं आणि हजेरीचं निमित्तही मीच त्यांच्या हातात दिलं.

लिहून झाल्यावर मी कपडे वाळत घातले. मन हलकं वाटत होतं.

संध्याकाळी आजोबांचा निरोप ईमेलवर आला. तो असा होता: "बाई, मजकूर आणि तुमचं खातं दोन्ही लपवून टाकलं आहे. आता ते कुणालाही दिसणार नाही, टाचणीलाही नाही. पण चार तास ते उघडं होतं. ज्यांना पाहायचं त्यांनी पाहिलं असेल. लपवलेलं कुणी लिहिलं होतं हे सांगण्याची आम्हाला परवानगी नाही. हे तुम्हीच तिला सांगा, आणि लवकर सांगा."

पाच दिवसांनी तुला प्राचार्यांनी बोलावलं.

तीस वर्षं मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. शेजारणी विचारायच्या, अमकीला नेमकं काय झालंय गं? मी म्हणायची, डॉक्टरांचं अक्षर मला वाचता येत नाही. एकाही माणसाचं नाव माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. आणि स्वतःच्या मुलीचं मी सगळ्या जगाला वाचून दाखवलं.

तरीही ती चूक होती, आणि चुकीबद्दल मी तुला सांगू शकले असते. जे पुढे केलं त्याला चूक म्हणता येत नाही. तू घरी आलीस, बॅग दारात टाकलीस आणि म्हणालीस, "ढापणीनं केलं." त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "हातपाय धुऊन घे," आणि पाणी तापवायला गेले. पाणी तापेपर्यंत तू आपलं मत पक्कं केलं होतंस, आणि मीही.

नुसती भीती असती तर आठ दिवसांत गेली असती. खरं ते असं, की त्या आठवड्यात तुझा सगळ्यांवरचा विश्वास उडाला होता आणि तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होतीस. सातवीत गेल्यापासून तू मला जवळ येऊ दिलं नव्हतंस. मी तुझ्या केसांतून हात फिरवत होते आणि मला वाटत होतं, असंच राहू दे. ढापणीच्या नावावर मी तुला परत मिळवलं होतं. नऊ तारखेच्या पत्रात मी तुला तिला माफ करायला सांगितलं. ते पत्र लिहिताना मला स्वतःबद्दल चांगलं वाटत होतं, हेही तुला कळू दे.

त्या दिवशी दारात ती "विश्वास ठेवा" म्हणाली, तेव्हा मी म्हणाले, "ठेवते हं." आणि तिच्या पाठीवर थोपटलं. तिनं माझे आभार मानले.

टाचणीच्या पानावर आता 'या सदस्याने काम थांबवले आहे' एवढंच आहे. कारखान्याच्या पानावरून ती ओळ गेली. त्या तीन माणसांच्या जागी आता कारखान्याला मिळालेल्या पुरस्काराचं वाक्य आहे. तुझं कॉलेज गेलं, ढापणीचं वर्ष गेलं, आणि ज्या ओळीसाठी तू तास बुडवलेस तीही राहिली नाही. या तिन्हींपैकी एकही मला परत आणता येत नाही. फक्त ढापणीच्या खोलीसाठी अजून सात दिवस हातात आहेत.

म्हणून आज सकाळी मी दोन पत्रं टाकून आले. एक रेक्टरबाईंना, सगळं स्पष्ट लिहून, माझ्या सहीनं. मेसच्या फळ्यावर लावलं तरी चालेल असं त्यात म्हटलं आहे. दुसरं ढापणीला, तिच्या मावशीच्या पत्त्यावर, आजोबांच्या निरोपाची प्रत जोडून. दोन्ही पेटीत पडल्यावर घरी आले आणि हे लिहायला घेतलं. मला माझी ओळख आहे. तुझं पत्र आधी लिहिलं असतं तर ती दोन्ही गेली नसती. आता हे पाठवायचं की नाही, हा प्रश्नच उरलेला नाही.

ढापणीला माझ्याकडून कळतंय ते कळू दे, पण तुझ्याकडून तिला जे हवं आहे ते मी देऊ शकत नाही. तिच्या मावशीकडचा फोन नंबर कागदाच्या मागे लिहिला आहे. मला फोन करू नकोस. तिला कर, दहा तारखेच्या आत. मला काय म्हणायचं ते नंतर, कधीही, वाटलं तर. नाही वाटलं तर तेही मी मागण्याच्या जागेवर नाही.

तू लहान असताना कुणी "हे कुणी केलं?" विचारलं की तू लगेच हात वर करायचीस, केलेलं नसलं तरी. मला तेव्हा हसू यायचं.

टाचणी कोण ते सांगणारी,
तुझी आई