आधी मन, मग पाणी

२ मार्च, सोमवार
लेकीच्या पोहण्याच्या क्लासमध्ये महिनाअखेरीला पालक-मूल रिले आहे. एक फेरी मुलाची, एक पालकाची. लेकीनं विचारलं, बाबा, तू येतोस की काकांना विचारू? काका म्हणजे माझा साडू. दातांचा डॉक्टर. रोज पहाटे पोहतो आणि दिवसभर ते सांगत फिरतो. मी ताबडतोब म्हटलं, मीच येणार! मला पोहता येत नाही, पण तो तपशील झाला. खरा प्रश्न इच्छाशक्तीचा.

३ मार्च
संकल्प: रोज सहाला तलावावर. आरशावर चिठ्ठी चिकटवली, 'आधी मन, मग पाणी'. हिनं वाचलं आणि विचारलं, आंघोळसुद्धा मन तयार झाल्यावरच का? दुर्लक्ष केलं.

५ मार्च, सकाळी ६.१०
उठलो. मन तयार नाही. अशा मनानं उतरणं म्हणजे पाण्याचा अपमान. परत झोपतो.

८ मार्च, रविवार
साडूकडे जेवायला. मेहुणी म्हणाली, यांचं पोट बघा कसं आत गेलंय! ही बघायला लागली. इतकं निरखून बघायची काही गरज नव्हती. साडू म्हणाला, चल माझ्याबरोबर, आठ दिवसांत तरंगायला शिकवतो. तरंगायला म्हणे! मी सांगितलं, माझी पद्धत वेगळी आहे. मग जेवण संपेपर्यंत पोट आत धरून बसलो. धड जेवताही आलं नाही.

११ मार्च
पद्धत सापडली! आपण गाद्यांच्या दुकानात कामाला आहोत हे इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? जेवणाच्या सुट्टीत शोरूममधल्या स्प्रिंगच्या गादीवर पालथा पडलो, मोबाइलवर पोहण्याचा व्हिडिओ लावला आणि हातपाय मारले. काय लय! गादी खालून लाटा देते. पाण्यात याहून वेगळं काय असणार, ओलेपणा सोडला तर?

१३ मार्च
आज श्वासाचा सराव. उशीत तोंड घातलं. डोळा लागला. मालकांनी उठवलं. म्हटलं, गिऱ्हाइकांना गादीचा भरवसा वाटावा म्हणून. त्यांना पटलं असावं. उशीचा अभ्रा तेवढा बदलायला लावला.

१७ मार्च
लेकीला सोडायला तलावावर गेलो. उतरणारच होतो, पण गॉगल घरी राहिला. साडू आधीच पाण्यात. पोर त्याच्या खांद्याला लटकून खिदळत होती. माझ्यासोबत ती अशी शेवटची कधी हसली, आठवेना. जळफळाट झाला. खरं लिहायचं तर डोळ्यांत पाणी आलं. या लोकांनी क्लोरीन जरा कमी घालावं.

२० मार्च
हिनं सरळच विचारलं, एकदा तरी पाण्यात उतरलास का? म्हटलं, तयारी शेवटच्या टप्प्यात आहे. म्हणाली, जमणार नसेल तर पोरीला आत्ताच सांग, ऐनवेळी तिला तोंडघशी पाडू नकोस. घरातही सगळी साडूचीच माणसं!

२१ मार्च
उद्यापासून नक्की. आज कान दुखतोय.

२५ मार्च
लेक म्हणाली, बाबा, नाही जमलं तरी चालेल, काका आहेत. मी चिडणार नाही. ते 'चिडणार नाही' फार लागलं. मी म्हटलं, तुला बाप हवा की काका, ते तूच ठरव. ती उठून आत गेली. असं बोलायला नको होतं. पण साडूनं तरी इतकं चांगलं पोहायला नको होतं.

२८ मार्च
साडूचा फोन. पाठ धरलीय, हलता येत नाही, उद्या रिलेत तूच उतर. मी हळहळलो. फोन ठेवला आणि घरभर नाचलो. मन शंभर टक्के तयार!

२९ मार्च, रविवार
लेक झपाझप आली, भिंतीला हात लावला, मी उडी मारली.

गादी माणसाला वर ढकलते. पाणी तसं काही करत नाही. नाकातोंडात पाणी, वर कुठं, खाली कुठं, कळेना. क्लासचे मास्तर धावत येताहेत एवढं दिसलं. तेवढ्यात हनुवटीखाली एक छोटा हात आला. कानाशी आवाज, बाबा, हात मारू नकोस, नुसता पडून राहा. पडून राहणं मला येतं. लेकीनं मला ओढत पलीकडे नेलं. शेवटचा नंबर. टाळ्या मात्र सगळ्यांत जास्त.

काठावर खोकत विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, काकांकडे. आठवडाभर ते रोज बुडायचे आणि मी ओढायचे. म्हणाले, बाबालाच उतरू दे, तू फक्त तयार राहा.

इतक्यात हलता न येणारा साडू गॅलरीच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आला आणि त्यानं माझ्या अंगावर टॉवेल टाकला.

नुसता चांगला पोहत होता तोवर त्याच्यावर जळणं सोपं होतं. आता काय करायचं?

थँक यू म्हणायचं राहून गेलं. टॉवेल आमच्या टॉवेलांपेक्षा मऊ आहे.