देवीला नेसवलेली नोट

नाशिक,
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. यशोदावन्सं यांना,

प्रतिभाचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? वैद्यांचं तेल लावता, की बाटली नुसती उशाशी ठेवता? (उत्तर मला माहीत आहे, तरी विचारते.) इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुमचे धाकटे बंधू आज आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीत, आणि तुमच्यासमोर तोंड उघडून ते आपली बाजू रंगवून सांगण्याआधी खरं काय घडलं ते तुम्हाला कळलेलं बरं.

हे प्रेसमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. तेहतीस वर्षं हातात भिंग घेऊन छापलेल्या नोटांतले दोष काढले, ती खोड काही गेली नाही. ताटात पापड पडला की अजून आधी उजेडाकडे धरून बघतात. मीच म्हटलं होतं, माणसाला काहीतरी छंद हवा. (ही माझी चूक. कबूल.) तर यांनी छंद म्हणून पुन्हा नोटाच धरल्या, आणि त्याही रशियातल्या क्रांतीच्या वेळच्या. तिकडे झार गेला आणि मग ज्या प्रांतात ज्याची सत्ता, त्यानं आपापल्या नोटा छापल्या. डोनच्या कोसॅकांच्या वेगळ्या, सायबेरियाच्या वेगळ्या, ताश्कंदच्या वेगळ्या. माझे काचेचे सेट माळ्यावर गेले आणि त्या कपाटात सायबेरिया आला. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण हे रोज जेवताना मला ती क्रांती समजावून सांगतात. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई, त्या पेपरात मला अठ्ठावन्न गुण होते. हे आयटीआयचे. पण मधे बोलू देतील तर शपथ.

या सगळ्यात खिवा नावाच्या एका जुन्या राज्याची नोट यांना मिळत नव्हती. तिथे त्या धामधुमीत चक्क रेशमी कापडावर नोटा छापत. नऊ वर्षं शोध चालला होता. येत्या रविवारी इथल्या संग्राहकांचं प्रदर्शन आहे, त्यात यांना काचेची अख्खी पेटी मिळालेली, आणि मधली जागा खिवासाठी रिकामी ठेवलेली. श्रावणात ती नोट आली. वन्सं, ही गोष्ट यांनी मला सांगितलीच नाही. का, तर किंमत विचारीन म्हणून. आणि लपवली कुठे? देवीच्या वस्त्रांच्या डब्यात. तिथे कापूर असतो, रेशमाला कसर लागत नाही, हे मीच यांना कधीतरी सांगितलं होतं.

आता तुम्ही न्याय करा. घटस्थापनेच्या सकाळी मी डबा उघडला. वरच लाल-पिवळं रेशीम, रुमालाएवढं, कडेनं नक्षी, मधे वेलबुट्टीसारखं काहीतरी. दरवर्षी तुम्ही वणीहून देवीला खण पाठवता. मला वाटलं, यंदाही आला आणि हे नेहमीप्रमाणे सांगायचं विसरले. (चष्मा ओट्यावर होता. पण चष्मा असता तरी ती लिपी मला वाचता आली नसती, यांनाही येत नाही.) मी आपल्या वीतभर मूर्तीला निऱ्या घालून तो नेसवला. दोन दिवस हे रोज आरतीला उभे राहिले, डोळे मिटून. तिसऱ्या माळेला उघडले.

निरांजन हातातून पडता पडता राहिलं. हे म्हणाले, "देवीला हे काय नेसवलंयस?"

"खण. वन्संनी पाठवलेला."

"खण नाही तो. खिवा आहे खिवा."

शेजारच्या कलाबाई आरतीला आलेल्या. त्या जवळ जाऊन बघून म्हणाल्या, "भाऊ, खिवा म्हणजे कुठशी आलं? मला तर बाई हे येवल्याचंच वाटतंय."

यावर यांनी काय बोलावं? कलाबाईंच्या देखत, त्यांच्या सुनेच्या देखत, "हिला अक्कल नाही." एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला हे ऐकावं लागलं, आणि ते कोणाकडून, तर कापराच्या डब्यात नोट ठेवणाऱ्याकडून. मी शांतपणे सांगितलं की ते वस्त्र कापून, शिवून नेसवलं आहे, आणि घट बसले की दसऱ्यापर्यंत देवी हलत नाही. शिवाय हेही सांगितलं की त्या नोटा बाद झाल्यावर खिवाच्या बायकांनी त्यांच्या गोधड्या शिवल्या, हे यांनीच मला मेथीची भाजी खाताना सांगितलं होतं. त्यांना कोणी बेअक्कल म्हटलं नाही.

तेव्हापासून अबोला. देवीला हात लावता येत नाही म्हणून हे सकाळ-संध्याकाळ घटासमोर पालथे पडून भिंगातून बघायचे. कलाबाईंनी गल्लीभर सांगितलं, भाऊ किती भाविक झालेत, अर्धा अर्धा तास साष्टांग घालतात. सातव्या माळेला दोन बायका यांच्याच पाया पडून गेल्या. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून चिठ्ठ्या लिहितात. परवा ताटाशेजारी चिठ्ठी आली, 'मीठ'. मी ती उजेडाकडे धरली आणि वॉटरमार्क नाही म्हणून परत केली. काल देवीचं वस्त्र उतरवलं तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून बसले. तुकडे बघवणार नाहीत, असं कलाबाईंना म्हणाले. आज संग्राहकांना फोन करून पेटी दुसऱ्या कोणाला द्या म्हणाले.

मी माझ्या जागी बरोबर आहे. माफी मागणार नाही. तुम्हाला कळावं इतकाच या पत्राचा हेतू, तुमच्याकडे मागणं काही नाही.

आपली,
प्रतिभा

ता. क. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे, दसऱ्याला उतरलेलं देवीचं वस्त्र घरच्या लेकीला जातं. म्हणजे तुम्हाला. आमच्या गल्लीतली भाग्यश्री तुमच्याच गावच्या शाळेवर शिकवते, तिच्या हाती ते या पत्रासोबत पाठवत आहे. दोन पुठ्ठ्यांच्या मधे आहे. इस्त्री करू नका, घडी घालू नका, उन्हात धरू नका.

ता. क. २. पुठ्ठे उघडलेत की दिसेलच. मी कात्री लावलेली नाही. अखंड रेशमाला मी कधीच लावत नाही. निऱ्यांना कडेच्या शिवणीत आठ कच्चे टाके होते, तेही बारीक सुईनं, आणि काल सगळे उसवले. हळद-कुंकू देवीच्या पायांवरच वाहिलं होतं. कापलं असं मी त्या रागात म्हणाले, आणि कलाबाईंसमोर म्हटलेलं आता मागे कसं घेऊ?

ता. क. ३. तुमच्या या धाकट्या भावाला, रवीला, बोलावून घ्या. तुमचं तो ऐकतो. वस्त्र तुमचं आहे, तुम्ही त्याला द्या, रविवारच्या आत. मात्र त्याआधी तिथूनच त्याला मला फोन लावायला सांगा, आणि काय म्हणायचं तेही सांगा, त्याला सुचणार नाही. मी पहिल्यांदा उचलणार नाही. दुसऱ्यांदाही नाही. तो लगेच फोन खिशात टाकेल, तर तुम्ही जवळ बसून राहा.