कर्जतचा उंबरा

कार्तिक व. ७, शके १८१४. पुणे

अण्णा सकाळच्या गाडीने आले. बरोबर नव्या तांदळाचं पोतं. हमालाने ते जिन्यावरून चढवताना असा आरडाओरडा केला की सगळी बिऱ्हाडं दारात. अण्णा म्हणजे ह्यांचे पहिले सासरे, द्वारकेचे वडील. माझे कोण, ते अजून ठरलेलं नाही. मी अण्णाच म्हणते.

जेवताना विषय निघाला. गुडघे गेले, कर्जतच्या बाजारातली भाताची वखार आता झेपत नाही, मुलगा नाही. "तुम्ही दोघं खाली या. वखार तुमची, घर तुमचं." मग माझ्याकडे न बघता, "हिचं पहिलं बाळंतपणही तिथंच होईल. माहेर नाही म्हणते ना? आहे म्हणावं."

मी ताक वाढत होते. पळी हातातच राहिली. द्वारका त्याच घरी बाळंतपणाला गेली ती परत आली नाही. मूलही गेलं. हे काय मी अण्णांना सांगायचं?

हे म्हणाले, "ती म्हणेल तसं."

लग्न झाल्यापासून मला भाजी कोणती आणू एवढंही कुणी विचारलं नाही. आज एकदम गाव निवडायचं! रागाने ताकात मीठ जास्त पडलं. दोघं तसंच प्यायले.

कार्तिक व. ९

गळ्यातला टाक चिंचेने घासला. चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर हात जोडलेली बाई. ही थोरली, म्हणजे द्वारका. माझ्या लग्नात मंगळसूत्राबरोबरच बांधली. नवं लुगडं आलं की आधी तिला लावायचं मग मी नेसायचं, गोडधोडही तसंच. सवत असावी तर अशी, भांडत नाही, खातही फार नाही. एरवी मी कामं करता करता तिच्याशी बोलते. दोन दिवस झाले, बोलवत नाही.

सहावा संपत आला. सातव्यात जायचं तर जायचं, आठव्यात हलवत नाहीत.

वाईला दादाकडे निरोप धाडून पाहिला होता. वहिनीचेच दिवस भरत आलेत, जमणार नाही. खरंच आहे तिचं. आई मी अगदी लहान असताना तापाने गेली. त्या घरातलं मला आठवतं ते एवढंच की परसदारच्या उंबऱ्यावर नेहमी ठेच लागायची. अंगठ्याला खूण आहे अजून.

म्हणजे इथं राहिले तर शेजारच्या गंगाकाकू. प्रेमळ फार, पण कानांनी अधू. मी किंचाळले तर त्या "काय म्हणतेस?" म्हणणार. मनात आलं आणि एकटीच हसले. मग हसू आलं नाही.

काकूंच्या कानाशी ओरडून कर्जतचं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. "जाऊन बघून ये हवं तर. पण आधी परसदारचा उंबरा बघ."

"काय बघू?"

"बघ म्हणजे कळेल."

अर्धं बोलायची ह्या बायकांना भारी हौस.

मार्गशीर्ष शु. ४. कर्जत

आलो. ह्यांना आठवडाभराची सुटी मिळाली, तीही पेढीच्या शेटजींची शंभर बोलणी खाऊन.

घाटात गाडी मध्येच थांबली, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावलं आणि गाडी पाठमोरी चालायला लागली. मला वाटलं परत निघालो. जीव एकदम हलका झाला. हे म्हणाले, "इथं अशीच उलटी फिरते, मग उतरते." बरं.

गाव सुरेख आहे. हे लिहायला हवं, नाहीतर पुढे मीच म्हणेन की मला पहिल्यापासून आवडलं नाही. पुण्याच्या बाजूला डोंगरांची उंच भिंत, खाली उल्हास नदी, सकाळी नदीवर धुकं. भात कापून झालेल्या शेतांत वाल वर आलाय. बाजारात गाड्याच गाड्या, नव्या भाताचा वास, ठाकरणी रानातले करांद्याचे कंद नि मध घेऊन ओळीनं बसलेल्या. पुण्यात आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते.

माई दारात उभ्या होत्या. थोरलीची आई. भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मग माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरला. "कशी आहेस गं?"

मी म्हटलं, बरी आहे. टाक सोडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जशी मी आत्ताच आले.

शु. ५

घर वखारीच्या मागे, परसदार नदीकडे. बाळंतिणीची खोली दाखवली. नुकती सारवलेली, नवा सुंभ भरलेली बाज, कोपऱ्यात शेगडी. खिडकी नाही. हे खोलीच्या दाराशी आले आणि बाहेरूनच वखारीत गेले.

माईंनी पेटीतून जुनी लुगडी काढली. मऊ, वाळ्याचा वास. "नेस, घरात कशाला नवं खराब करतेस." नेसले. पाण्याला बाहेर गेले तर भाताची पाटी घेऊन आलेली एक म्हातारी जागच्या जागी थांबली. "द्वारकाबाय! कवा आलीस गं?" दुसरीने तिला ओढून नेलं.

घरात येऊन लुगडं बदललं. माईंनी ते उचललं. घडी घालून परत पेटीत.

आणि दूध उतरवताना सांडशी धड धरेना. एक पाय वाकडा झालाय, पातेलं कलंडतं. म्हटलं, माई, बाजार दारात आहे, नवी का नाही घेत? "असू दे," म्हणाल्या. हात भाजला थोडा.

शु. ६

उंबरा पाहिला. परसदारचा. चांगल्या सागाचा, पण मधोमध ओळीनं भोकं आहेत. बोट जाईल एवढाली, कडा टोकरलेल्या. त्यांत हळदकुंकू साठलंय.

भागी भांडी घासत होती. भागी इथली सुईणही आहे, माझं पोट हात लावून तिनेच पाहिलं, मूल नीट आहे म्हणाली. तिला विचारलं.

आधी हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग हळूच, "खिळं व्हते तितं. वल्या बाळंतपणात बाई गेली का ठोकतात. म्हंजे ती परत घरात येत नाय."

"मग काढले कुणी?"

"माईनं. नदीपासनं दारापतुर मोहरी टाकलेली आमी. एकेक दाना येचता येचता तिला उजाडतं, मंग जाते माघारी. तर माईनं झाडू घेतला नि समदी मोहरी झाडून काढली. मंग बसली उंबऱ्यात. कोयत्यानं लाकूड टोकरलं नि खिळं सांडशीनं उपाटलं. हात रगतानं लाल. अण्णा रडं, पन आडवलं नाय."

तिने राखेचा हात माझ्या पायाला लावला. "बाय, मी येईन तुज्या येळंला. पन त्या खोलीत नाय येयाची. पडवीत कर म्हनावं. मला बी पोरं हायत."

सगळा दिवस परसदाराने गेले नाही. वखारीतून वळसा घालून नदीवर गेले. गड्यांनी पाहिलं असणार.

शु. ७

नीट झोप नाही. काल भागीचं ऐकताना सांडशीपाशी अडकले होते. पहाटे दुसरंच डोक्यात आलं.

वाईचा परसदारचा उंबरा. मला ठेच लागायची ती खिळ्यांनी. वर आलेली गोल डोकी होती, गंजलेली. बाबा म्हणायचे, लाकूड फुटलं म्हणून मारलेत.

आई तापाने गेली नव्हती. तापाने गेलेल्या बाईसाठी कुणी उंबऱ्यात खिळे ठोकत नाही. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं नाही, आणि मी तरी कुणाला विचारलं! ती बाहेर होती आणि मी आत ठेचकाळत होते. परकर धरून, अंगठा चोखत. तिला ऐकू गेलं असेल का?

फार रडले. माईंना वाटलं पोट दुखतंय. ओवा दिला.

शु. ८

माई तांदूळ पाखडत होत्या. शेवटी विचारलंच.

"हो, मी काढले. लेक माहेरी यायची नि दारात खिळे? कुठल्या आईला बघवेल?"

"मग आली?"

सूप चालूच. "नाही. पुष्कळ वाट पाहिली. दार लोटून ठेवते, कडी घालत नाही. नाही आली." मग सूप थांबलं. "मनात आलं, ती तुझ्या गळ्यात आहे. तू आलीस की तुझ्याबरोबर येईल."

उठायला हवं होतं, उठवेना. माझं बाळंतपण, माझं माहेर, बाजेला नवा सुंभ, सगळं तिच्यासाठी? मी काय तिची डोली?

आणि तरी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. बोटांवर पांढरे वण आहेत.

शु. ९

आज निघायचं. अण्णांना ह्यांनी सांगितलं, कळवतो. अण्णा, "पडवीला कारवीच्या काठ्यांचा कुड घालून, लिंपून घेतो, ऊब राहील." म्हणजे भागीने त्यांच्या कानावर घातलंय.

माई चुलीपाशी. मी जवळ बसले. विचारलं.

"माई, माझंच काही बरंवाईट झालं तर? माझ्यासाठी ठोकलेले कोण काढील?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्या गळ्याकडे न बघता तोंडाकडे पाहिलं.

"सांडशी आहे अजून," म्हणाल्या. आणि तीच घेऊन दूध उतरवलं. थोडं सांडलं.

शु. १२. पुणे

हे कर्जतला जायला उत्सुक आहेत. इथं शेटजी चार माणसांत अपमान करतो, तिथं स्वतःच्या गादीवर बसता येईल. मी म्हटलं, मग ठरवून टाका. "नाही, तू सांग."

विचारलं, "खिळे ठोकले तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो."

"काही म्हणालात?"

"सगळे वडीलधारे होते." मग पागोटं खुंटीला लावत, "तिथं प्रत्येक दाराआड ती आहेसं वाटतं मला. तरी जावंसं वाटतं. तुला नाही कळायचं."

मला सगळ्यांत जास्त तेच कळतंय.

"आणि माझ्या वेळी? वडीलधारे असले तर?"

"असलं अभद्र बोलू नये," म्हणून पाय धुवायला गेले.

शु. १३

संध्याकाळी हे संत्री घेऊन आले. न सांगता. सोलून दिली.

व. ३

अण्णांकडून माणूस आला, वालाच्या शेंगा घेऊन. कुड घालून झाला. भागी येणार. माईंनी डिंक कुटायला घेतलाय. विचारलं, माई आणखी काही म्हणाल्या? "जी, गळ्यातलं सांबाळ म्हनल्या."

रागच आला. तरी शेंगा सोलताना मनाने त्या चुलीपाशीच होते.

व. ८

परवापासून आठवा. उद्या सकाळचा टांगा ह्यांनी सांगून ठेवलाय. "नको असेल तर परत पाठवू, त्यात काय," म्हणतात. ट्रंक भरली. मीच भरली, म्हणून कुणी ठरलं असं समजू नये.

दुपारी इथल्या उंबऱ्यावरून हात फिरवला. गुळगुळीत आहे. इथं काही झालं तर ठोकणारे पुष्कळ. काकूच घरची मोहरी देतील, रडत रडत देतील. काढणारं कुणी नाही.

तिथं एक आहे. पण तिने दार लोटून ठेवलंय ते दुसरीसाठी. दुसरी आली तर मला आत जागा असेल का? आणि मी उरले नाही तर माझं मूल कुणाचं म्हणून वाढेल?

किती दिवसांनी थोरलीशी बोलले. म्हटलं, तूच सांग बाई, तुला जायचंय का? एवढं दार उघडं असून गेली नाहीस ती का? टाक अंगाला लागून कोमट झाला होता. तो रोजच होतो.

काकू आल्या. ट्रंक पाहिली. "कुठं गं निघालीस?"

"माहेरी." तोंडातून निघून गेलं.

काकूंना ऐकू आलं नाही. कानामागे हात धरून वाकल्या. "कुठं?"

दुसऱ्यांदा मला म्हणवेना.