नव्वद दिवसांचं मेडल

निहार,

भेंडी झाकून ठेवली आहे. गीझर बंद कर. निळा शर्ट इस्त्रीहून आला. तुझ्या दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या बलबीरजींचा फोन होता.

"भाभीजी, आज निहार के नब्बे दिन पूरे! मेडल मेरे हाथ से लेगा. आप भी आइए."

हे मला त्यांच्याकडून कळावं? तिथे तू पोट धरून हसतोस म्हणे. बाटल्या कुठे लपवायचास, तेही सांगितलंस. मला रोज फक्त "मीटिंग ठीक झाली." बाटलीशी नऊ वर्षं भांडले, या भल्या माणसाशी कशी भांडू?

मी येणार नाही. गुरुग्रामला ताईकडे जातेय. मेडल त्यांच्याकडूनच घे. उद्या फोन कर आणि त्यांना सांगतोस तसं सगळं मला सांग.

रेवती

ता.क. नोएडातला तो ग्रुप शोधून पहिला फोन मीच केला होता.