खिडकीजवळची जागा

प्रिय मोनिका,

पैठणहून पाठवलेला तुझा फोटो पाहिला. अंगणात उन्हाला बसलीयेस, हातात चहा, शेजारी दम्याचा पंप. रागावू नकोस, पण बघून माझा जळफळाट झाला. आजारपणाच्या रजेतही तू माझ्यापेक्षा बरी दिसावीस, हा कुठला न्याय? इथे मात्र तुझा दमा कामामुळे की घरचाच, याचीच कुजबुज चालू आहे.

तुझं चांगलं मला पहिल्यापासूनच बघवत नाही. औरंगपुऱ्यातल्या या दवाखान्यात आपण एकाच दिवशी लागलो, पोटात घालायच्या दुर्बिणी धुवायला. एकाच ट्रेमधल्या जंतू मारायच्या औषधात दोघींचे हात, पण कौतुक तुझं. वच्छला सिस्टर नव्या मुलींना सांगायच्या, "नळी धुवायची कशी ते मोनिकाकडून शिका. लई साफ हात हाय तिचा." मी शेजारीच उभी असायचे. शिवाय त्या कोंदट खोलीतली एकुलती एक खिडकी, तीही तुझ्याच वाट्याला. ट्रेचं झाकण उघडलं की माझ्या डोळ्यांना धारा लागायच्या, घसा जळायचा, आणि तू आपली वाऱ्यावर गुणगुणत काम करायचीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आपला सगळ्यांचा एक वेडा समज होता. औषध नाकाला झोंबतंय म्हणजे त्यात दम आहे, वास गेला की ताकद गेली. ताकद तपासायच्या पट्ट्या कपाटात पडून असायच्या, आपण नाकानेच ठरवायचो. मी त्याचाच फायदा घेतला. गेल्या उन्हाळ्यात सिस्टरांना जाऊन सांगितलं की, मोनिका खिडकी उघडी टाकते, औषध उडून चाललंय. दुसऱ्याच दिवशी सुताराने खिडकी स्क्रू मारून बंद केली. तू बिचारी मलाच विचारत होतीस, "कोणी चुगली केली गं?" मी म्हटलं, "मला काय ठावं?" खोटं कशाला बोलू, त्या दिवशी डबा गोड लागला.

दिवाळीपर्यंत तुझा खोकला सुरू झाला, मग दम लागायला लागला. जिना चढताना मध्येच थांबायचीस. मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प होते. तू रजेवर गेल्यावर तुझी जागा मला मिळाली. आता मीही खोकते.

काल दवाखान्याच्या साहेबांनी तुझ्या भरपाईच्या अर्जावर विम्याच्या डॉक्टरांना पाठवायचा कागद सह्यांसाठी फिरवला. त्यात लिहिलंय की मोनिकाचा दमा जुनाच, खोलीत हवा नेहमी खेळती होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या, फक्त माझी राहिली आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, माझं नशीबच फुटकं. नशीब नव्हे गं मोनिका, मी होते ती. तोंडी सांगितलेलं उद्या कोणी मानणार नाही, म्हणून पूर्ण नाव घालून लिहून देतेय. हे पत्र विम्याच्या डॉक्टरांना दाखव. मग माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
सुरेखा बद्रीनाथ गाडेकर