विहीणबाईंच्या मापाचा शाफ्ट

अमरावती,
माघ वद्य सप्तमी

राजमान्य राजश्री रामरावजी पाटील, जठारपेठ, अकोला, यांच्या सेवेशी आपला व्याही सूर्यभान याचा दोन्ही हात जोडून रामराम.

आपली प्रकृती बरी असावी. गुडघ्याला मी पाठवलेले तेल लावता की कपाटाला शोभा म्हणून ठेवले आहे, ते कळवावे. गहू कसा आहे, नवा सालदार टिकला की तोही पळाला, हेही लिहावे. आमच्याकडे सर्व क्षेम. आपली मोटर माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली शांत झोपलेली आहे. मागची चाके फिरवणारी दातेरी चक्रे ज्यात असतात, त्या गोळ्यातला फुटलेला भाग मुंबईहून अजून आलेला नाही. लढाई संपल्याशिवाय तो येईलसे दिसत नाही. पण माझी नजर रोज तिच्यावर आहे, निश्चिंत असावे.

आता मुख्य वार्ता. चि. सौ. जमुना काल दिवस मावळायच्या आत सुखरूप माहेरी पोचली. आमच्या विहीणबाई सौ. दुर्गाबाईही सुखरूप आहेत. रविवारपर्यंत त्यांचा पाहुणचार करून त्यांना रेल्वेने परत पोचते करतो (त्यांना एकटीला रेल्वे चालते, सुनेला चालत नव्हती). जमुनेच्या आईने, म्हणजे आमच्या कौशल्येने, पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग चुलीपुढे बसून अर्धा तास रडली. मी विचारले, आता काहून? तर म्हणाली, "आता आली म्हणून." बायकांचा हिशेब मला तीस वर्षांत समजला नाही, पण काल मलाही चुलीचा धूर जरा जास्तच लागला, हे आपल्यापाशी कबूल करतो.

आपल्याला वाटेल, अकोल्याहून अमरावतीला पोरगी आणली, त्यात एवढे पान भरून लिहिण्यासारखे काय आहे. तर ऐका. जमुनेच्या ओटभरणाच्या दिवशी आपण बाहेर पानसुपारीत होता. आत विहीणबाईंनी मला बोलावून काय फर्मावले, ते आपल्या कानावर आलेले नसावे. म्हणाल्या, "रेल्वेनं मी सुनेले धाडत नाही. बडनेऱ्याले गाडी बदलताना सोजिरायच्या लोटालोटीत मी पोरीले सांभाळू का गठुडं सांभाळू? लारीनं त नावच काढू नका. सोताची मोटर आणा, न् तेही अशी का पोटातलं पाणी हललं नाही पाहिजे. जमत नसन त सांगा, बायतपण इथंच करतो." बोलणे कडक होते, पण मी राग मानला नाही. सहा वर्षांनी घरात पाळणा हलायची आशा लागलेली. त्यांच्या जागी मी असतो तर सुनेला देव्हाऱ्यातून खाली उतरू दिले नसते.

इकडे कौशल्येने दिवाळीपासून डिंक, खारका, जुने तूप असे सगळे मडक्यांतून भरून ठेवलेले. पहिले बाळंतपण माहेरीच, यात तिच्या दृष्टीने देवालाही बोलायला जागा नाही. सातवा महिना चालू. आठव्यात लेकीला वेशीबाहेर काढत नाहीत, हा आपल्या दोन्ही घरांचा रिवाज. आणि आठवा लागायला उरले होते मोजून तेरा दिवस. मी विहीणबाईंना ऐटीत सांगितले, मोटर घेऊन येतो. तेव्हा माझ्या मोटरीची अवस्था अशी, की तिच्या इंजिनाला दसऱ्यापासून हातभर चीर होती आणि त्यात आमच्या कोंबडीने अंडी घातली होती. (ही गोष्ट मी ओटभरणात बोललो नाही. शुभ प्रसंगी कोंबडीचा विषय कशाला?)

इंजिनाची सोय झाली. एका मोठ्या घरच्या मोटरीचे इंजिन, सहा नळ्यांचे, आवाज असा की मांजर लोणी खाते आहे. धन्याला सध्या त्याचा उपयोग नव्हता. ते काढले आणि गिअरच्या पेटीसकट माझ्या मोटरीत बसवले. पण हे इंजिन माझ्या जुन्यापेक्षा चांगलेच लांब. त्याची पेटी मागे सरकली. आता पेटीपासून मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा जो लोखंडी शाफ्ट असतो, तो जुना वीतभर लांब पडू लागला. शिवाय पुढचे तोंड एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या कंपनीचे. दोघांचे सांधे जुळेनात. सोयरीक जुळवण्यापेक्षा कठीण काम. सोयरिकीत निदान दोन्हीकडचे लोक खोटे बोलून निभावून नेतात, लोखंड खोटे बोलत नाही.

असा शाफ्ट बाजारात मिळत नाही, तो करूनच घ्यावा लागतो. म्हणून मी आमच्या पंजाबराव मिस्त्रीकडे गेलो. ज्या जिनिंग फॅक्टरीत मी पोरवयात तेलाची बुधली घेऊन यंत्रांना तेल पाजत फिरायचो, तिथला हा लेथवाला. माझे सगळे शिक्षण त्याच फॅक्टरीत झाले, आणि तेही कानांनी. यंत्र कुठे कण्हते ते ऐकायचे आणि तिथे तेल घालायचे. फाटकातून कापसाची बंडी आत आली की आसाच्या कुरकुरीवरून बोजा किती ते सांगायचो. काटेवाला नंतर तेच सांगायचा.

पंजाबरावाने मोडीतला एक शाफ्ट काढून ठेवला आणि म्हणाला, माप आण. आता मोटरीखाली शिरायचे तर ती उचलायला हवी. दुसऱ्या गावचा माणूस खड्डा खणेल, दगड लावेल. आम्ही अमरावतीचे. फॅक्टरीतून कापसाच्या चार दाबलेल्या गाठी आणल्या, दोन इकडे, दोन तिकडे, आणि त्यांवर मोटरीचा सांगाडा टेकवला. दाबलेली गाठ दगडासारखी असते, हालत नाही, कपड्यांना लागत नाही, वर उशालाही बरी. मी खाली ऐसपैस झोपून सुतळीने माप घेतले, सुतळीला गाठ मारली, दोनदा ताडून पाहिले. पंजाबरावाने तीन दिवस खपून शाफ्ट कापला, दोन्ही तोंडे जोडली. आणून लावला तर असा बसला की मी कौशल्येला बाहेर बोलावून दाखवला. मग गाठी काढल्या. मोटर चाकांवर उतरली, आणि शाफ्ट कचकन असा अडकला की ना पुढे ना मागे. मोटर जागच्या जागी धनुर्वात झाल्यासारखी.

मी पंजाबरावाला दोष दिला, त्याने सुतळीला दोष दिला. मग तो खाली वाकला, चाकांकडे पाहिले आणि मला म्हणाला, "सूर्यभान, तुले मोटर हवेत चालवाची हाये का जमिनीवर?" तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. गाठींवर सांगाडा टेकलेला, म्हणजे मागची चाके खाली लोंबत होती. लोंबत्या चाकांपर्यंतचे अंतर जास्त. चाके जमिनीला लागली, त्यांच्यावरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी दबल्या, अंतर कमी झाले. म्हणजे मी जे माप घेतले ते आकाशात उडणाऱ्या मोटरीचे. दुसऱ्या गावी दगडावर चाकांचा आस टेकवला असता तर ही चूक झाली नसती. आमचा कापूस आम्हाला नडला. चार दिवस गेले, उरले नऊ.

पंजाबराव म्हणाला, आता नुसते जमिनीवर उभे करून माप घेऊ नको. जेवढी माणसे बसणार तेवढे वजन बसव आणि मग घे. नाहीतर माणसे बसतील, कमानी आणखी दबतील, आणि शाफ्ट पुन्हा अडकेल, तोही मूर्तिजापूरच्या पुढे.

इथून पुढचा मजकूर आपण एकट्याने वाचावा.

मागे बसणार जमुना आणि सौ. दुर्गाबाई. जमुनेच्या जागी मी कौशल्येला बसवले. प्रश्न उरला विहीणबाईंचा. त्यांचे वजन मी कधी केलेले नाही, आणि करायला धजेल असा माणूस वऱ्हाडात जन्मला असेल असे वाटत नाही. परंतु ओटभरणाच्या वेळी त्या जमुनेशेजारी झोपाळ्यावर बसल्या, तेव्हा आपल्या झोपाळ्याच्या कड्या जे बोलल्या ते मी ओसरीवरून ऐकले होते. (दोष माझा नाही, कानांचा आहे.) बंडीच्या आसाचा अनुभव होताच. त्या हिशेबाने आमच्या शेजारच्या पार्बताबाई अधिक सरकीचे अर्धे पोते, असा आकडा निघाला.

पार्बताबाई म्हणजे महानुभावी, रिद्धपूरची मोठी भक्ती. मोटरीत बसायला या म्हटल्याबरोबर त्या अंघोळ करून, धुवट लुगडे नेसून, फराळाचा डबा घेऊन हजर. पोत्याला टेकून बसल्या. पंजाबराव खाली शिरला. एक घटका झाली. पार्बताबाईंनी विचारले, "काहो, रिद्धपूर अजून किती दूर हाये?" मी म्हटले, जरा वेळ बसा. आणखी एक घटका झाली. मग त्यांनी खाली वाकून पाहिले आणि चाकाखालून निघालेले दोन पाय दिसल्यावर म्हणाल्या, "अवं मायबाई, एक जण चिरडला वाटते, म्हणून थांबलो होय आपण." कौशल्या हसली, मोटर हलली, माप चुकले, आणि पंजाबरावाने खालून जे म्हटले ते व्याह्यांच्या पत्रात लिहिता येत नाही. माप पुन्हा घेतले.

दुसरा शाफ्ट बरोबर बसला. पण तिशीच्या वेगाला माझ्या कानात एक घुंगुं येऊ लागले. पंजाबरावाला ऐकू येईना. म्हणाला, तुले भास होऊन राहिला. मी म्हटले, विहीणबाईंनाही हाच भास झाला तर पोरगी अकोल्यालाच राहते. शाफ्ट उतरवला, दोन सरळ पट्ट्यांवर आडवा ठेवून सोडला, आणि तो आपोआप फिरून दर वेळी एकच बाजू खाली करून थांबला. म्हणजे ती बाजू जड. फॅक्टरीत पंख्याला करतो तसे समोरच्या बाजूला शिशाची पट्टी तारेने आवळली. मग पार्बताबाईंना, पोत्याला आणि तोंडोतोंड भरलेल्या एका चरवीला घेऊन खरोखरच रिद्धपूर गाठले. महिन्याच्या कुपनांवरच्या पेट्रोलचा पाव हिस्सा गेला. परत आलो तेव्हा चरवीतले पाणी दोन बोटे कमी होते, पण ते पार्बताबाईंनी प्यालेले निघाले. मोटर पास झाली. उरले होते दोन दिवस.

पुढचे आपण जाणताच. परवा मी आपल्या दारात मोटर उभी केली. आपण इंजिनाचे झाकण उघडून पाहायला निघालात, तेव्हा मी आपल्याला आपल्या गुडघ्याची आठवण करून दिली, ते काळजीपोटीच. काल निघालो. जमुना बोरगावाच्या अलीकडेच झोपली, ती मूर्तिजापूरला चहाच्या दुकानापाशी उठली. विहीणबाई मात्र कान लावून बसलेल्या. एकदा म्हणाल्या, "इवाई, तुमची मोटर बिलकुल आमच्या मोटरीवानी वाजून राहिली." मी म्हटले, चांगल्या घरच्या मोटरींचा आवाज सारखाच असतो. त्यावर त्यांनी सुपारीची डबी उघडून मांडीवर ठेवली. बडनेरा ओलांडल्यावर त्यांनी मांडीवरची सुपारीची उघडी डबी मला दाखवली. एक खांड सांडले नव्हते. माझ्या आयुष्यात मला शाळेचे सर्टिफिकेट मिळालेले नाही. ती डबी मी तेच समजतो.

घरात सर्वांना यथायोग्य सांगावे. जावईबापूंना आशीर्वाद. जमुनेची काळजी आता आमच्याकडे लागली.

आपला,
सूर्यभान

ता. क. वर ज्या मोठ्या घरच्या इंजिनाचा उल्लेख आला आहे, ते घर जठारपेठेत आहे. आपण "माझ्या मोटरीच्या एका नटाला हात लावू नका" असे बजावले होते, ते मी विसरलो नाही. नट सगळे काढून डबीत जपून ठेवले आहेत. आपल्या मोटरीचे इंजिन शाबूत आणि मागचा गोळा फुटका, माझ्या मोटरीचा गोळा शाबूत आणि इंजिन फुटके. दोन व्याह्यांनी एकमेकांचे उणे झाकले, याला सोयरीक म्हणतात. आपला नातू किंवा नात येईल ती आजोबाच्याच इंजिनावर बसून परत येईल. तोवर कृपा करून मोटर मागू नये, ही या पत्रातली खरी विनंती.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी वरचा ताजा कलम सौ. दुर्गाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, त्यांनी आवाज बोरगावालाच ओळखला होता. गप्प का बसलात, विचारले, तर म्हणाल्या, "बोललो असतो त तुमी तिथंच गाडी थांबवून खुलासा केला असता, न् पोरीची झोप मोडली असती." त्यांनी आपल्याला निरोप दिला आहे की रागवायचे असेल तर त्यांच्यावर रागवावे. आपण तसे करणार नाही, अशी माझी खात्री आहे.

ता. क. तिसरा. हा विहीणबाईंनी ऐकलेला नाही. पोरगी तान्ह्याला घेऊन श्रावणाच्या सुमारास परत येईल. शाफ्ट ज्या वजनाने मापला त्याच वजनाने तो पाण्यासारखा फिरतो, म्हणून मागे बसायला त्याच हव्यात. तेव्हा या वर्षीचे श्रावण सोमवार त्यांनी धरू नयेत, एवढे आपण आपल्या परीने पाहावे.